पुरुष-हॉर्मोनचा इलाज : सल्ला कोणाचा घ्यावा?

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे वर्षांतून एकदां सर्वांगाची रक्ततपासणी करून घेण्याची चाल पडली आहे. प्रयोगशाळेचा मनुष्य सकाळीं घरीं येतो, दोन-तीन नळ्या रक्त घेऊन जातो आणि एक-दोन दिवसांत पन्नास-साठ आंकड्यांचा अहवाल घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातीं पडतो. साखर, चरबी, यकृत, मूत्रपिंड ही रांग संपत आली कीं कोठें तरी ‘टेस्टोस्टेरोन’ हें नांव येतें. त्यापुढील आंकडा ठळक अक्षरांत छापलेला असला म्हणजे कांहीं तरी बिघडलें आहे असें समजावयाचें. पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला तो कमी भरलेला आंकडा पाहून पुष्कळदां भीतीपेक्षां समाधानच अधिक वाटतें. दुपारची पेंग, पोटाचा वाढता घेर, क्षुल्लक कारणावरून येणारा राग, व्यायामाचा कंटाळा, वैवाहिक जीवनांत आलेली उदासीनता, या सर्वांचें मूळ अखेर सांपडलें आणि तें एका सुईनें उपटतां येईल, असें त्याच्या मनांत येतें.

अशा वेळीं सल्ला देणारांची वाण पडत नाहीं. व्यायामशाळेंतील मित्राजवळ एक नांव असतें, जाहिरातींतील चिकित्सालय पहिली भेट विनामूल्य देऊं करतें, आणि ओळखीच्या औषधविक्रेत्याकडे माल तयारच असतो. वास्तविक भारतांत हें औषध ‘शेड्यूल एच’ या वर्गांत मोडतें. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तें विकण्यास कायद्यानें मनाई आहे. परंतु कायदा फार तर चिठ्ठी मागतो. चिठ्ठी लिहिणारानें ती लिहिण्यापूर्वीं विचार किती केला, याची चौकशी कायदा करीत नाहीं. ती रोग्याला व त्याच्या घरच्या माणसांनाच करावी लागते.

औषध वाईट आहे असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. ज्याच्या शरीरांत हा स्राव खरोखरच निर्माण होत नाहीं, त्याला तो बाहेरून पुरविणें म्हणजे थायरॉइड मंदावलेल्या माणसाला थायरॉक्सिनची गोळी देण्यासारखेंच योग्य होय. कामेच्छा, स्नायूंचें बळ, हाडांची घनता, रक्तांतील लाल पेशींची निर्मिति, या साऱ्यांशीं त्याचा संबंध आहे. प्रश्न एवढाच कीं, समोर बसलेला मनुष्य त्या वर्गांत मोडतो कीं नाहीं हें ठरवावयाचें कोणीं आणि कसें?

या औषधाचा पूर्वेतिहास मोठा बोधप्रद आहे. इ. स. १८४९ मध्यें जर्मनींतील गटिंगेन येथें आर्नोल्ड बेर्टहोल्ड यानें कोंबड्यांवर प्रयोग केले. वृषण काढून टाकले कीं कोंबड्याचा तुरा सुकतो, आरवणें व झुंजणें थांबतें. तेच वृषण पोटांत दुसऱ्या जागीं रोवले तर तुरा पुन्हां लाल होतो. म्हणजे रक्तावाटे कांहीं तरी द्रव्य सर्व शरीरभर जातें, हें उघड झालें. पुढें चाळीस वर्षांनीं, १८८९ मध्यें, पॅरिस येथें ब्राउन-सेकार हा ७२ वर्षांचा शास्त्रज्ञ विद्वानांच्या सभेपुढें उभा राहिला आणि प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतल्यामुळें आपल्याला तारुण्याचा उत्साह परत मिळाला, असें त्यानें जाहीर केलें. हा कोणी भोंदू नव्हता. क्लोद बेर्नार याच्या मागून त्याच्या जागेवर आलेला, सर्व यूरोपांत मान्यता पावलेला तो प्राध्यापक होता. तथापि त्यानें वापरलेला अर्क पाण्यांत काढलेला होता, टेस्टोस्टेरोन पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं, आणि वृषणांत त्याचा सांठाही नसतो. १९३५ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें शास्त्रज्ञांनीं बैलांच्या वृषणांतून हें द्रव्य प्रथम शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें, तेव्हां सुमारें १०० किलो वृषणांतून अवघें १० मिलिग्रॅम हातीं लागलें. हें प्रमाण ध्यानीं घेतलें म्हणजे ब्राउन-सेकारच्या पिचकारींत काय असेल याची कल्पना करतां येते. त्याला वाटलेला उत्साह खरा होता. तो औषधाचा नव्हता, आशेचा होता. त्याच वर्षीं, म्हणजे १९३५ मध्यें, बूटेनांट व रुझिच्का यांनीं तें द्रव्य प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें बनविलें, व १९३९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्या दोघांत वांटलें गेलें. आज औषध शुद्ध मिळतें, परंतु “टोचून घेतल्यावर आठ दिवस फार बरें वाटलें” हा ब्राउन-सेकारचा पुरावा मात्र अजून जसाचा तसा चालू आहे.

आतां शरीराची व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे. कारण कोणत्या डॉक्टरांकडे जावें याचें उत्तर त्या व्यवस्थेंतच आहे. वृषणग्रंथि हा एक कारखाना समजला, तर त्याची कचेरी मेंदूच्या तळाशीं आहे. वाटाण्याएवढी पिच्युइटरी ही ग्रंथि तेथून दोन हुकूम पाठविते. एल्. एच्. या नांवाचा पहिला हुकूम टेस्टोस्टेरोन तयार करावयास सांगतो, आणि एफ्. एस्. एच्. हा दुसरा शुक्रबीजांची निर्मिति चालू ठेवतो. पिच्युइटरीच्याही वर हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग बसलेला आहे. रक्तांत माल किती आहे हें पाहून तो हुकूम वाढवितो किंवा आंखडता घेतो. यावरून हें उघड होईल कीं, माल कमी पडण्याचीं कारणें दोन प्रकारचीं असतात. कारखानाच बिघडला असेल, तर कचेरी ओरडून ओरडून हुकूम सोडते व रक्तांतील एल्. एच्. वाढलेलें दिसतें. कचेरीच झोंपली असेल, तर टेस्टोस्टेरोन कमी आणि एल्. एच्. ही कमी, अथवा दिसावयास साधारण, असा देखावा दिसतो. एल्. एच्. न मोजतां जो इंजेक्शन लिहून देतो, त्यानें रोग कोठें आहे हा प्रश्नच विचारलेला नाहीं.

कारखान्याच्या बिघाडांत तारुण्यांतील गालगुंडाबरोबर वृषणाला आलेली सूज, लहानपणीं खालीं न उतरलेले वृषण, कर्करोगावरील औषधें, अशीं कारणें येतात. क्लाइनफेल्टर यानें १९४२ मध्यें वर्णिलेली एक जन्मजात अवस्था यांतच येते. तींत पुरुषाच्या पेशींत एक जादा एक्स गुणसूत्र असतें, हें १९५९ मध्यें कळलें. दर पांचशें ते हजार पुरुषांत साधारण एकाला ती असते, आणि त्यांतील पुष्कळांना आयुष्यभर तिचा पत्ता नसतो. लहान व टणक वृषण ही तिची खूण. ती रक्ताच्या अहवालांत दिसत नाहीं, डॉक्टरांनीं अंग तपासलें तरच हाताला लागते. संकोचामुळें म्हणा किंवा घाईमुळें म्हणा, आपल्याकडे ही तपासणी वारंवार टाळली जाते. जो डॉक्टर पडदा ओढून रोग्याला नीट तपासतो त्याच्याविषयीं आदर बाळगावा.

कचेरीच्या बिघाडांत पिच्युइटरीवरील गांठीचा विचार आधीं करावा लागतो. प्रोलॅक्टिन नांवाचा स्राव वाढविणारी गांठ तेथें झाली, तर कामेच्छा जाते, डोकें दुखतें, आणि गांठ मोठी असेल तर दोन्ही बाजूंचें दिसणें कमी होऊं लागतें. मोटार चालवितांना कडेचें वाहन दिसत नाहीं. अशा रोग्याला टेस्टोस्टेरोन टोचीत बसलें, तर त्याला थोडें बरें वाटेल आणि आंत गांठ वाढत राहील. तीच गांठ वेळीं ओळखली, तर बहुधा गोळ्यांनींच आटोक्यांत येते, शस्त्र लावावें लागत नाहीं, आणि टेस्टोस्टेरोन पुष्कळांत आपोआप पूर्ववत् होतें. दुसरी एक जन्मजात अवस्था अशी आहे कीं, तींत मुलगा वयांत येत नाहीं आणि त्याला वासही येत नाहीं. अठरा वर्षांच्या मुलाला “तुला फुलांचा वास येतो कां रे?” असें विचारणारे डॉक्टर भेटले, तर त्या कुटुंबाचें भाग्य समजावें. थॅलेसेमियामुळें वरचेवर रक्त घ्यावें लागणाऱ्या तरुणांत शरीरांत सांठलेलें लोह पिच्युइटरीला इजा करतें. अफूच्या जातीचीं तीव्र वेदनाशामकें, दीर्घकाळ घेतलेलीं स्टेरॉइडें, व्यायामशाळेंत चोरून टोचलेलीं द्रव्यें, हींही त्याच कचेरीला झोंपवितात.

पण मध्यम वयाच्या शहरी माणसांत सर्वांत अधिक आढळणारें कारण यांहून पुष्कळ साधें आहे. तें म्हणजे लठ्ठपणा, त्याच्या जोडीचा मधुमेह आणि बिघडलेली झोंप. वजन वाढलें म्हणजे रक्तांत टेस्टोस्टेरोनला वाहून नेणारें प्रथिन कमी होतें आणि एकूण आंकडा खालीं येतो; प्रत्यक्ष उपयोगी पडणारा मोकळा भाग मात्र पुष्कळदां ठीक असतो. अशा वेळीं त्या वाहक प्रथिनाचें व मोकळ्या भागाचें मोजमाप मागावें लागतें. शिवाय हा स्राव सकाळीं अधिक व सायंकाळीं कमी असतो, जेवणानंतर तो उतरतो, आणि ताप किंवा मोठें दुखणें चालू असतां तर तो हमखास खालीं जातो. म्हणून सकाळीं, उपाशीपोटीं, निरोगी अवस्थेंत आणि निरनिराळ्या दिवशीं किमान दोनदां रक्त तपासल्याशिवाय निदान करूं नये असा दंडक आहे. केंसांसाठीं घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांनीं सुद्धां कांहीं यंत्रांवरील आंकडे चुकतात. सीमारेषेविषयीं खुद्द पंडितांत एकमत नाहीं. अमेरिकेंतील एन्डोक्राइन सोसायटीनें निरोगी, लठ्ठ नसलेल्या तरुणांची खालची मर्यादा डेसिलिटरला २६४ नॅनोग्रॅम धरली, तर तेथील युरॉलॉजिस्टांच्या संघटनेनें २०१८ मध्यें ३०० चा आंकडा स्वीकारला. २८० आंकडा असलेला मनुष्य एका मोजपट्टीनें निरोगी व दुसरीनें रोगी ठरतो. म्हणूनच दोन्ही संस्था लक्षणांशिवाय केवळ आंकड्यावर औषध सुरू करूं नका असें सांगतात. यूरोपांतील आठ शहरांत ४० ते ७९ वर्षांच्या पुरुषांची पाहणी करून २०१० मध्यें असें दाखविण्यांत आलें कीं, ठराविक लक्षणें व कमी आंकडा या दोहोंची सांगड जेथें बसते असे पुरुष शंभरांत सुमारें दोनच असतात. रस्त्यावरील फलक वाचले तर ते शंभरांत पन्नास असावेत असें वाटेल.

इतकें समजल्यावर डॉक्टरांच्या निवडीचा गुंता बराच सुटतो. पिच्युइटरी, वृषण, थायरॉइड, मधुमेह हा सारा प्रांत ज्याचा, तो एन्डोक्रिनॉलॉजिस्ट म्हणजे अंतःस्रावतज्ज्ञ. एम्. डी. झाल्यावर आणखी तीन वर्षें शिकून तो डी. एम्. किंवा त्याच्या बरोबरीची राष्ट्रीय मंडळाची पदवी मिळवितो. कारण कोठें आहे हें जोंपर्यंत ठरलेलें नाहीं तोंपर्यंत पहिला सल्ला त्याचाच घेणें श्रेयस्कर. येथें एक सूचना आवश्यक आहे. ‘मधुमेहतज्ज्ञ’ अशी पाटी असलेला प्रत्येक डॉक्टर अंतःस्रावतज्ज्ञ असतोच असें नाहीं. आणि उलटपक्षीं, खऱ्या अंतःस्रावतज्ज्ञाकडेही मधुमेह व थायरॉइडच्या रोग्यांची इतकी गर्दी असते कीं, पुरुषांच्या या विकाराकडे तो कितपत लक्ष देतो हें भेटीची वेळ ठरवितांनाच विचारून घेणें इष्ट. खर्चाची अडचण असेल तर मुंबईच्या के. ई. एम्. सारख्या सार्वजनिक रुग्णालयांत या शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तेथें रांगेंत बसावें लागतें, पण रोगाचा माग नीट काढला जातो.

युरॉलॉजिस्ट हा शस्त्रवैद्य. एम्. एस्. नंतर एम्. सीएच्. ही त्याची वाट. वृषणांत गांठ लागली, लघवीला अडथळा होतो, प्रोस्टेटच्या तपासणींत संशय आला, शुक्रवाहिनींत अडथळा आहे, असें असेल तर त्याच्याकडेच गेलें पाहिजे. आणि टेस्टोस्टेरोनचा अनुभव असलेले युरॉलॉजिस्टही पुष्कळ आहेत. पुरुषांच्या वंध्यत्वाचा विशेष अभ्यास केलेले कांहीं युरॉलॉजिस्ट व इतर तज्ज्ञ स्वतःस ॲन्ड्रॉलॉजिस्ट म्हणवितात. हा शब्द, आणि त्याहून अधिक ‘सेक्सॉलॉजिस्ट’ हा शब्द, पाटीवर पाहून भागत नाहीं. त्याखालची मूळ पदवी कोणती हें पाहावें. उत्तम शिकलेला मानसवैद्य आणि एखाद्या लॉजमध्यें महिन्यांतून दोन दिवस बसणारा फिरता इसम, दोघेही तोच शब्द लावतात. चिठ्ठीवर नोंदणीक्रमांक असलाच पाहिजे, आणि तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदींशीं ताडून पाहतां येतो. तसें करण्यांत डॉक्टरांचा अपमान नाहीं.

लैंगिक दुर्बलता हीच मुख्य तक्रार असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानीं ठेवावी. इच्छा आहे पण शरीर साथ देत नाहीं, या प्रकारांत टेस्टोस्टेरोनपेक्षां रक्तवाहिन्यांचा दोष अधिक वेळां आढळतो. आणि हृदयविकाराच्या कांहीं वर्षें आधीं ही तक्रार सुरू झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. त्या माणसाला सर्वांत आधीं गरज असते ती रक्तदाब, साखर, चरबी आणि हृदय पाहणाऱ्या घरच्या डॉक्टरांची किंवा फिजिशिअनची. मन खिन्न असेल, अथवा खिन्नतेवरील औषधांनींच इच्छा मंदावली असेल, तर मानसवैद्याकडे जावें. रात्रीं मोठ्यानें घोरून मध्येंच श्वास अडकत असेल, तर झोंपेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे आधीं जावें. तो विकार तसाच ठेवून टेस्टोस्टेरोन देणें धोक्याचें मानलें जातें.

सर्वांत मोठें नुकसान होतें तें मात्र निराळ्याच ठिकाणीं. चौतीस वर्षांचा एक नोकरदार तरुण घ्यावा. लग्नाला तीन वर्षें झालेलीं आहेत, मूल हवें आहे, काम फार आहे, थकवा येतो. कोठल्या तरी चिकित्सालयांत रक्त पाहून त्याला दर तीन आठवड्यांनीं इंजेक्शन सुरू करतात. दंड भरतात, उत्साह वाटतो, तो खूष होतो. इकडे घरांत सुनेच्या तपासण्यांवर तपासण्या चालू असतात. सासूबाई देवाला नवस बोलतात, नातेवाईक कुजबुजतात. सहा महिन्यांनीं कोणा शहाण्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई पतीच्याही तपासणीचा आग्रह धरतात, आणि वीर्यांत एकही शुक्रबीज नाहीं असा अहवाल येतो. पुरुषत्वाचें म्हणून जें औषध घेतलें त्यानेंच पितृत्वाचा मार्ग अडविला, हें त्या तरुणाला प्रथम खरेंच वाटत नाहीं.

यांत गूढ कांहीं नाहीं. बाहेरून माल आला कीं मेंदूंतील कचेरी हुकूम थांबविते. शुक्रबीजें निर्माण होण्यास वृषणाच्या आंत रक्तांतल्यापेक्षां कितीतरी पट अधिक टेस्टोस्टेरोन लागतें. तें तेथल्या तेथेंच तयार व्हावें लागतें, टोचून पोंचवितां येत नाहीं. हुकूम थांबले कीं आंतला सांठा आटतो व शुक्रबीजांची निर्मिति मंदावते किंवा बंद पडते. हा परिणाम इतका भरंवशाचा आहे कीं, जागतिक आरोग्य संघटनेनें दर आठवड्याला टेस्टोस्टेरोन टोचून पुरुषांसाठीं गर्भनिरोधक म्हणून त्याची पद्धतशीर परीक्षा घेतली, व ते निष्कर्ष १९९० मध्यें प्रसिद्ध झाले. औषध सोडल्यावर बहुतेकांत निर्मिति परत सुरू होते; परंतु तिला महिने, कधीं वर्ष किंवा अधिकही लागतें, आणि पत्नीचें वय तोंवर थांबत नाहीं. ज्याला मूल हवें आहे आणि हॉर्मोनही खरोखर कमी आहे, त्याच्यासाठीं वाट निराळी आहे. कचेरीच झोंपलेली असेल, तर एच्. सी. जी. व एफ्. एस्. एच्. यांच्या सुया देऊन वृषणालाच कामाला लावतां येतें. हें काम अंतःस्रावतज्ज्ञ आणि वंध्यत्वाचा जाणकार युरॉलॉजिस्ट यांनीं मिळून करावयाचें असतें.

म्हणून डॉक्टरांची परीक्षा करावयाची झाली तर ती पहिल्याच भेटींत होते. “आपल्याला मुलें आहेत कां? आणखी हवीं आहेत कां?” हा प्रश्न त्यांनीं आपण होऊन विचारला कीं नाहीं, हें पाहावें. न विचारतां औषध लिहिलें गेलें, तर पदव्या कितीही असोत, चिठ्ठी खिशांत घालून दुसरीकडे जावें. औषध जेथें लिहिलें जातें तेथेंच तें विकलें जातें, वर्षभराचे पैसे आगाऊ घेतले जातात, रक्त दुपारीं चार वाजतां काढलें जातें, अशा ठिकाणींही तेंच करावें.

औषध द्यावें असें ठरलें तर पुढील वाट कांहीं महिन्यांची नसते, वर्षांची असते. एकदां बाहेरून माल घेण्याची संवय लागल्यावर मध्येंच बंद केला, तर झोंपलेली कचेरी लगेच जागी होत नाहीं आणि मधले आठवडे फार कंटाळवाणे जातात. सुरू करण्यापूर्वीं रक्तांतील लाल पेशींचें प्रमाण आणि वयोमानानें लागू असेल तर प्रोस्टेटची पी. एस्. ए. ही तपासणी व्हावी. तीन ते सहा महिन्यांनीं तीं पुन्हां पाहावीं, आणि पुढें दर वर्षीं. लाल पेशींचें प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलें कीं रक्त दाट होतें व औषध थांबवावें लागतें. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग, गेल्या सहा महिन्यांत येऊन गेलेला हृदयाचा झटका किंवा पक्षाघात, काबूंत नसलेलें हृदयदौर्बल्य, यांपैकीं कांहीं असेल तर तें देऊंच नये असें मार्गदर्शिका सांगतात. हृदयाला धोका आहे कीं नाहीं या वादावर अमेरिकेंत एक मोठी चांचणी झाली. हृदयविकार असलेले किंवा त्याचा संभव असलेले ४५ ते ८० वर्षांचे पांच हजारांवर पुरुष तींत होते, व तिचे निष्कर्ष २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले. ज्यांचें टेस्टोस्टेरोन खरोखर कमी होतें त्यांत औषधानें झटक्यांचें प्रमाण वाढलें नाहीं; पण हृदयाची अनियमित गति आणि फुप्फुसांत रक्ताची गुठळी हे प्रकार किंचित् अधिक दिसले. हाडें मोडण्याचें प्रमाणही कमी होण्याऐवजीं थोडें अधिकच निघालें, ज्याची फारशी कोणाला अपेक्षा नव्हती. या गोष्टी डॉक्टरांनीं रोग्याला बसवून सांगितल्या पाहिजेत.

सुई घ्यावी, रोज अंगाला मलम चोळावें कीं जेवणाबरोबर गोळी घ्यावी, हा तपशील त्यामानानें गौण आहे. मलम लावणारानें तें वाळण्यापूर्वीं लहान मुलाला अंगाशीं धरूं नये, एवढें मात्र घरांत सर्वांना ठाऊक असावें. मुलांच्या कोंवळ्या शरीरावर त्याचा अनिष्ट परिणाम होतो.

लहान गांवीं राहणाऱ्यानें दर खेपेस पुण्या-मुंबईस धांवण्याचें कारण नाहीं. निदान व उपचाराची दिशा एकदां अंतःस्रावतज्ज्ञाकडून लेखी घ्यावी आणि मधल्या तपासण्या घरच्या डॉक्टरांकडे कराव्या. वर्षांतून एकदां पुन्हां मोठ्या डॉक्टरांना भेटावें. पहिल्या भेटीला जातांना आजवरचे सर्व अहवाल तारखेसह न्यावेत, रक्त कोणत्या वेळीं काढलें होतें हें त्यांवर लिहून ठेवावें. चालू असलेल्या प्रत्येक औषधाची, व्यायामशाळेंतील भुकटीची आणि केंसांच्या गोळीचीही वेष्टनें पिशवींत घालावींत. लहानपणीं गालगुंड झालें होतें कां, वृषणाचें कांहीं शस्त्रकर्म झालें होतें कां, हें आईवडील हयात असतील तर त्यांना विचारून जावें. आणि शक्य असेल तर पत्नीनेंही बरोबर जावें. रात्रीं श्वास अडकतो कीं काय, स्वभाव केव्हांपासून बदलला, थकवा कामाचा आहे कीं झोंपेचा, हें नवऱ्यापेक्षां तिला अधिक ठाऊक असतें, आणि मुलांबाळांविषयींचा प्रश्न निघाला म्हणजे त्याचें उत्तर एकट्यानें द्यावयाचें नसतें.